हरवलेली वाट

भरतपूरचे दोन हिवाळे मी नेहमी शेजारी ठेवून पाहतो. १२ नोव्हेंबर १९३८ला व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत इथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तरी बदकं पुढेही येत राहिली. १९६४-६५मध्ये सुमारे २०० असलेले सायबेरियन क्रौंच मात्र २००१-०२मध्ये एका जोडीवर आले. ती शेवटचीच.

तोवर केवलादेव उद्यान जागतिक वारसा झालं होतं. पण ओब नदीच्या खोऱ्यातून येताना अफगाणिस्तान-पाकिस्तानात शिकार होतच होती. क्रौंचांची पिल्लं वाट शिकतात ती आईबापांमागे उडून. म्हणून त्या जोडीबरोबर वाटही संपली, असं मला वाटतं. चीनच्या पोयांग सरोवरावर आजही हजारो क्रौंच उतरतात. त्यांना भरतपूर ठाऊक नाही.