पैनगंगेपलीकडील विद्यापीठ

हिंगोली जिल्ह्यांतील वारंगा फाट्यावरून एक रस्ता कळमनुरीवरून हिंगोलीस जातो, दुसरा नांदेडकडे, आणि तिसरा हदगांवावरून पैनगंगा ओलांडून उमरखेड, यवतमाळ करीत नागपुराच्या दिशेस लागतो. ह्या तिसऱ्या वाटेनें जाणाऱ्यास आज नदीपाशीं कांहींच वेगळें जाणवत नाहीं. १९३८ सालीं मात्र अलीकडे निजामाचें राज्य होतें व पलीकडे इंग्रजी अमलांतील वऱ्हाड. आणि नदीबरोबर उच्च शिक्षणाची भाषा व परीक्षाही बदलत असे.

प्रवेशपरीक्षा ही मुळांत अविश्वासाचें अपत्य होय. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठानें शाळांच्या शिफारशींवर न विसंबतां १८५९ मध्यें स्वतःची मॅट्रिक परीक्षा घेतली. १३२ उमेदवार बसले, २२ उत्तीर्ण झाले! पुढें विद्यापीठें वाढलीं, तसा हा अविश्वास त्यांच्या आपापसांतही शिरला. एकाची परीक्षा दुसऱ्यानें मान्य करावी कीं नाहीं, ह्याचा ठराव विद्यापीठानें करावयाचा, आणि त्याची किंमत विद्यार्थ्यानें आपल्या आयुष्यांतील वर्षांनीं मोजावयाची, अशी ही व्यवस्था.

१९१८ सालच्या उस्मानिया विद्यापीठानें उर्दूंतून उच्च शिक्षण देण्याचें धाडस केलें, त्याचें श्रेय नाकारण्याचें कारण नाहीं. देशी भाषेंत शास्त्रें शिकवितां येतात हें त्यानें दाखविलें. परंतु मराठवाड्यांतील मराठी मुलास ही देशी भाषाही परकीच होती. ती कष्टानें आत्मसात करून पदार्थविज्ञान शिकलेला विद्यार्थी संस्थानाबाहेर गेला, कीं तेंच शास्त्र त्याला इंग्रजींत नव्यानें घोकावें लागे.

१९३८ च्या अखेरीस वसतिगृहांतील प्रार्थनेंत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनीं ती मानली नाहीं, आणि औरंगाबाद व हैदराबाद येथील पुष्कळांस महाविद्यालयांतून काढून टाकण्यांत आलें. काढलेल्या विद्यार्थ्यास दुसरें विद्यापीठ सहसा दारांत उभें करीत नाहीं. नागपूर विद्यापीठानें केलें. त्याचे कुलगुरु तुकाराम जयराम केदार ह्यांनीं ह्या विद्यार्थ्यांस प्रवेश दिला. पुढें पंतप्रधान झालेले नरसिंहराव त्याच चळवळींतले, आणि त्यांचें पुढील शिक्षणही नागपुरास झालें. माझ्या मतें केदारांच्या निर्णयाचें खरें मोल राजकीय धैर्यापेक्षां ह्यांत आहे, कीं दुसऱ्या विद्यापीठांत, दुसऱ्या भाषेंत झालेला अभ्यास त्यांनीं अभ्यास म्हणून धरला. इंग्रजीची अडचण राहिलीच. पण ती विद्यार्थ्यानें वर्गांत बसून सोडवावयाची होती, दाराबाहेर उभें राहून नव्हे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबादची लढाई संपली. तरी मराठवाड्यांतील महाविद्यालयें उस्मानियाशींच जोडलेलीं राहिलीं. १९५० सालीं निघालेलें नांदेडचें पीपल्स कॉलेजही. औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झालें तें २३ ऑगस्ट १९५८ रोजीं, आणि नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ मिळावयास १९९४ साल उजाडलें.

आतां वारंग्याच्या मुलास पदवीसाठीं नदी ओलांडावी लागत नाहीं. मात्र वैद्यकाकडे वळणाऱ्यास ‘नीट’ नामक एकच अखिल भारतीय परीक्षा आहे. तिच्यांत भाषेची निवड आहे, मराठीचीही आहे. परंतु तिचे गुण त्या वर्षापुरतेच चालतात. एक महाविद्यालय सोडून दुसऱ्यांत पहिल्या वर्षापासून आरंभ करूं पाहणाऱ्यास ती पुन्हा द्यावी लागते, आणि गतवर्षीं त्याच परीक्षेंत मिळविलेले त्याचे स्वतःचे गुण तेथें त्याच्या कामीं येत नाहींत.