यादी आधी, छप्पर नंतर

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख घाटावरून होते: घाटावरचा की घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. बुलढाणा तालुक्यातले देऊळघाट हे घाटावरचे गाव. 1860 च्या दशकात रेल्वे आली ती घाटाखालून गेली. त्यामुळे पुढच्या दुष्काळांत वॅगनमधून आलेले धान्य घाटावर चढायचे ते बैलगाडीने, आणि बैल तर चाऱ्यावाचून आधीच खंगलेले. अशा वेळी गावातली धडधाकट माणसे काम आणि दाणापाणी शोधत बाहेर पडत. मागे कोण राहत असे? आंधळे, पांगळे, अंथरुणाला खिळलेले, म्हातारे आणि त्यांच्यापाशी बसणारे एखादे माणूस. संकटातल्या आसऱ्याचा इतिहास आपण बहुधा आसऱ्यापर्यंत पोचलेल्यांच्या बाजूने लिहितो. तो मागे राहिलेल्यांच्या बाजूने वाचला तर वेगळीच गोष्ट दिसते: अपंगांच्या आसऱ्याचा खरा प्रश्न छपराचा कधीच नव्हता, यादीचा होता. घरात अडकलेल्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक आहे, आणि ते घेऊन त्याच्या दारी जाण्याची जबाबदारी कोणाची आहे, यावर त्याचे जगणे ठरले.

जुन्या व्यवस्थेत छपरे होती. धर्मशाळा, मठ, सराया, गावची चावडी, मारुतीचे देऊळ. मेहकरला तर हेमाडपंती धर्मशाळेचे अवशेष आजही उभे आहेत. यात्रेकरूला आणि वाटसरूला त्यांनी शतकानुशतके सावली दिली. पण ही सावली चालत येणाऱ्यासाठी होती, आणि चालत येणाऱ्या प्रत्येकासाठीही नव्हती. गाडगे महाराजांनी नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला अस्पृश्यांसाठी चोखामेळ्याच्या नावाची वेगळी धर्मशाळा उभारावी लागली. देवाच्या दारीही सगळ्यांना एक छप्पर नव्हते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता? अंध, पंगू आणि रोगी यांची सेवा महाराजांनी आपल्या शिकवणुकीत भुकेल्याला अन्न देण्याच्या बरोबरीने मांडली.

लेखी यादी आली ती दुष्काळ संहितेतून. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर 1883 मध्ये नमुना संहिता तयार झाली आणि प्रांतोप्रांती तिच्या धर्तीवर नियम झाले. तिचा कणा होता काम: खडी फोडा, तलाव खणा, मजुरी घ्या. पण ज्याला काम करताच येत नाही त्याचे काय, याचे उत्तर देणे त्या संहितेला भाग पडले. वेडे, पांगळे, आंधळे, वय किंवा अशक्तपणामुळे कमावू न शकणारे असे वर्ग पाडून त्यांना गावातच फुकट मदत देण्याची तरतूद झाली. त्याच यादीत आणखी एक वर्ग होता, तो आजच्या वाचकाला चकित करील: स्वतः धडधाकट, पण घरातल्या आजाऱ्यापाशी किंवा तान्ह्या मुलांपाशी ज्याला थांबावेच लागते असा माणूस. आंधळ्या सासूला टाकून खडी फोडायला जाता येत नाही, हे त्या संहितेला कळले होते. गावोगावी यादी करण्याचे काम मुख्यतः पाटील-पटवाऱ्यांच्या हातून होई आणि वरचा अधिकारी ती तपासून पाही. घर नसलेल्यांसाठी आणि भटकणाऱ्यांसाठी गरीबखाने होते. तिथे शिजवलेले अन्न मिळे, पण परवानगीवाचून बाहेर पडता येत नसे. लोक तिथे जायला नाखूश असत. गावातली यादी माणसाला त्याच्या उंबऱ्याशी गाठत होती, गरीबखाना त्याला उंबऱ्यापासून तोडत होता. लोकांची पसंती कशाला होती हे सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप असा की ही यादी दयेपोटी नव्हती, संशयापोटी होती. तो खरा आहे. ज्याला सांभाळायला नातलग आहेत त्याला मदत नाही, अशी अट होती. म्हणजे नाव लिहिताना नाव गाळण्याचीही सोय होती. 1899-1900 च्या दुष्काळाने, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात, या व्यवस्थेची कसोटी पाहिली. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 1891 मध्ये सुमारे 4 लाख 81 हजार होती, ती 1901 मध्ये सुमारे 4 लाख 23 हजारांवर आली. दहा वर्षांत दोन दुष्काळ आणि आठांतला एक माणूस कमी. यात मेलेले किती आणि परागंदा झालेले किती हे शिरगणतीचा एक आकडा सांगत नाही, पण यादी असूनही जिल्हा वाचला नाही एवढे तो नक्की सांगतो. मात्र यावरून यादीच नको असा निष्कर्ष निघत नाही. या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या मॅकडोनेल आयोगाने 1901 मध्ये भर दिला तो लोकांचा धीर सुटण्याआधीच मदत सुरू करण्यावर. म्हणजे दोष उशिराचा आणि कंजूषपणाचा होता.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: आपल्याकडे कुटुंब आणि भावकी असताना सरकारी यादी कशाला? पण मोठ्या संकटात सगळ्यात आधी तुटते ते कुटुंबच. मुंबईत 1900 मध्ये ॲना मिलार्ड यांनी अमेरिकन मराठी मिशनतर्फे अंध मुलांची शाळा काढली ती त्याच दुष्काळाच्या छायेत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळपीडित मुली-बायका आणल्या, आणि तिथेही अंधांच्या शिक्षणाची वेगळी सोय करावी लागली. भावकी पुरली असती तर या संस्थांना निमित्तच उरले नसते.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रानेही हाच धडा पुन्हा गिरवला. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी पक्की झाली, पण हमी होती ती काम करू शकणाऱ्याला. निराधारांसाठी संजय गांधी अनुदान योजना आली 1980 मध्ये. आधी राबणाऱ्या हाताचा विचार आणि न राबू शकणाऱ्याचा मागाहून, हा क्रम शंभर वर्षांत फारसा बदलला नाही. बदलली ती भाषा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 8 आपत्तीत समान संरक्षणाचा हक्क देते, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांच्या तपशिलाची नोंद ठेवावी, धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवावी, असे सांगते. 1883 ची यादी पुन्हा आली, पण आता ती मेहेरबानी नाही, हक्क आहे. आणि नातलग असणे हा आता गुन्हा नाही.

तरी आजही आसरा म्हटले की डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेची शाळा येते. उतरता रस्ता बांधा, शौचालय रुंद करा, हे हवेच. पण पुराच्या रात्री चाकाच्या खुर्चीतला माणूस शाळेच्या पायरीशी अडायच्या आधी घराच्या उंबऱ्याशी अडलेला असतो. बहिऱ्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही, आणि तो बहिरा आहे हे भोंगा वाजवणाऱ्याला ठाऊक नसते. यादी जुनी होते, खासगी गोष्ट चव्हाट्यावर येते, ही भीतीही खोटी नाही. तिच्यावर इलाज आहे तो ती यादी माणसाच्या संमतीने, गावातच, दर पावसाळ्याआधी नव्याने करणे. पटवाऱ्याच्या यादीत त्या माणसाला विचारलेच जात नव्हते; त्याला विचारून केलेली यादी हीच देऊळघाटासारख्या गावातली आसऱ्याची पहिली वीट ठरेल.