मोराच्या लॅटिन नांवाचा प्रवास

शलमोन राजाच्या जहाजांतून सोनें, रुपें, हस्तिदंत, वानर व मोर येत असत, असें राजांच्या पुस्तकांत आपण वाचतों. मूळ इब्री भाषेंत तेथें ‘तुक्कीयीम’ असा शब्द आहे. संत जेरोम ह्यांनीं चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास शास्त्राचें लॅटिन भाषांतर केलें, त्यांत ‘पावो’ हें मोराचें नांव आलें. इब्री शब्द तमिळ ‘तोकै’ म्हणजे मोरपिसारा ह्यावरून निघाला असावा, असें कित्येक पंडित मानितात. एवढ्यावरून ‘पावो’ हें नांवही आपल्याच देशांतून गेलें, असें कोणी अभिमानानें म्हणूं लागल्यास आम्ही त्यास जरा थांबवूं. मोर आपल्या देशाचा खरा. परंतु त्याचें लॅटिन नांव आपलें आहे, हें त्यानें सिद्ध होत नाहीं. संस्कृत ‘पिप्पली’, तिजपासून ग्रीक ‘पेपेरी’ व त्यापासून लॅटिन ‘पिपेर’, अशी मिरीच्या नांवाची वाट पायरीपायरीनें दाखवितां येते. ‘पावो’ची तशी दाखवितां येत नाहीं. ग्रीक लोक मोरास ‘ताओस’ म्हणत; त्या शब्दाशीं ‘पावो’चें नातें काय, ह्याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं.

रोमन लोकांस मोर शोभेसाठीं हवा असे, तसाच ताटांतही. हॉर्तेन्सियस नामक वक्त्यानें मेजवानींत तो प्रथम वाढला, असें व्हारो लिहितो. संत ऑगस्टिन ह्यांनीं तर कार्थेज येथें शिजविलेल्या मोराच्या छातीचें मांस मुद्दाम ठेवून पाहिलें. तीस दिवसांनंतरही त्यास दुर्गंधी आली नाहीं व वर्षानंतर तें केवळ सुकून आकसलें होतें, असें ते ‘देवाचें नगर’ ह्या ग्रंथांत सांगतात. वाचकांनीं हा प्रयोग करूं नये. मोर मारण्यास आपल्याकडे कायद्यानें बंदी आहे.

लॅटिन भाषेबरोबर हें नांवही पसरलें. इटालियनांत तें ‘पाव्होने’ झालें, पोर्तुगीजांत ‘पाव्हांव’, तर फ्रेंचांत झिजून नुसतें ‘पां’ उरलें. इंग्रजी ‘पीकॉक’मधील ‘पी’ तेंच. वाटाण्याच्या ‘पी’शीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. जर्मन ‘प्फाउ’ मात्र विशेष बोलका आहे. उच्च जर्मन भाषेंत सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान शब्दारंभींच्या ‘प’चा ‘प्फ’ झाला. ‘पिपेर’चें ‘प्फेफर’ झालें तें ह्याच नियमानें. तेव्हां मोराचें नांव जर्मनांनीं त्या बदलाच्या आधींच उचललेलें असलें पाहिजे. देशाभिमानाच्या दहा तर्कांपेक्षां आम्हांस ह्या एका अक्षराची साक्ष अधिक मोलाची वाटते.

पुढें स्पॅनिश लोक १५१९ सालीं मेक्सिकोंत उतरले. तेथील टर्की पक्ष्यासही त्यांच्या भाषेंत ‘पाबो’ हेंच नांव पडलें व अखेरीस टर्कीनें तें बळकाविलें. बिचाऱ्या मोरास ‘पाबो रेआल’, म्हणजे राजमोर, म्हणवून घ्यावें लागलें. फिलिपाईन्समध्यें टागालोग भाषेंत आजही ‘पाबो’ म्हणजे टर्कीच.

स्वीडनच्या लिनियसनें १७५८ सालीं आपल्या देशांतील मोरास ‘पावो क्रिस्तातुस’, म्हणजे तुरेवाला मोर, असें शास्त्रीय नांव दिलें. १९६३ सालीं भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरलेल्या मोराचें तेंच नांव अद्यापि चालू आहे.