रसद आणि बाजारबुणगे

बंगळूरच्या जुन्या पेठांची नुसती नावे वाचली तरी त्या शहराचा व्यापार डोळ्यांपुढे उभा राहतो. अक्कीपेठ तांदळाची, रागीपेठ नाचणीची, अरळेपेठ कापसाची. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आलेले हे नगर वाढले ते चहूबाजूंनी येणाऱ्या रस्त्यांवर. हेच रस्ते बंद पडले म्हणजे काय होते, याचा दाखला १७९१ च्या उन्हाळ्यात मिळाला. त्या प्रसंगात मराठी लष्कराचा वाटा मोठा होता; परंतु आपल्या इतिहासलेखनाने लढायांचे जेवढे कौतुक केले, तेवढे लक्ष धान्याच्या गोणीकडे दिलेले नाही.

इंग्रज, निजाम आणि पेशवे यांनी १७९० मध्ये टिपूविरुद्ध तह केला. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याने २१ मार्च १७९१ च्या रात्री बंगळूरचा किल्ला घेतला आणि मेच्या आरंभी श्रीरंगपट्टणची वाट धरली. सरळ मार्गावरचा मुलूख टिपूने आधीच उजाड केला होता, म्हणून तो कनकनहळ्ळीच्या बाजूने वळला. तिकडेही तीच गत होती. गावे ओस, वैरण जाळलेली. वळिवाच्या सरींनी वाटा चिखलमय झाल्या. वेढ्याच्या जड तोफा ओढायच्या त्या बैलांनी, आणि बैलांनाच चारा नाही. त्यात गुरांवर रोग पडला. १५ मे रोजी अरकेऱ्याची लढाई इंग्रजांनी जिंकली, परंतु जिंकलेल्या सैन्याजवळ खायला काही उरले नव्हते. छावणीत देवी पसरल्या होत्या. मेलेल्या बैलांचे कुजके मांस खाऊन छावणीतले गरीब लोक दिवस काढीत होते. कावेरीकाठच्या कन्नंबाडी येथे २२ मे रोजी कॉर्नवॉलिसने स्वतःच्याच तोफा फोडून टाकल्या. (कृष्णराजसागर धरणाच्या पाण्याखाली जुने कन्नंबाडी गेले, ते हेच.) दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत यॉर्कटाऊन येथे फ्रेंच आरमाराने समुद्रमार्ग अडविल्यामुळे याच सेनापतीला शरण जावे लागले होते. या वेळी अडलेला मार्ग जमिनीवरचा होता, एवढाच फरक.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही टंचाई काही सबंध प्रांतात धान्य संपल्याने आलेली नव्हती. कॉर्नवॉलिस माघारी वळला तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची लष्करे थोड्याच मजलांवर होती, आणि त्यांच्या बाजारात धान्य होते. पण टिपूच्या स्वारांनी जासुदांची वाट अशी काही रोखली होती की दोस्त इतके जवळ आल्याचा पत्ता इंग्रजांना लागला नाही. २६ मे रोजी मेलुकोट्याच्या परिसरात समोरून घोडेस्वार आले, ते आधी शत्रूचेच वाटले. तोफा फोडल्या त्या बातमी न पोचल्यामुळे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. रसदेचा विचार करताना आपण बैल आणि गोण्या मोजतो. जासूद मोजत नाही.

मराठ्यांच्या छावणीतला तो बाजार पाहून भुकेले इंग्रज थक्क झाले. म्हैसूरचा इतिहास लिहिणारा मार्क विल्क्स या मोहिमेत होता. त्याने केलेले या बाजाराचे वर्णन विस्तृत आहे. काश्मिरी शाली, विलायती बनात, सराफांच्या पुढ्यात देशोदेशीची नाणी, आणि कोकणातली सुकी मासळीदेखील! धान्य होते, पण भाव कडक होते, याचीही नोंद इंग्रजांनी केली आहे. त्यात वावगे काही नाही; हा बाजार सरकारी कोठार नव्हता, नफ्यावर चालणारे ते एक फिरते नगर होते. पुढे याच मोहिमेत मराठे सरदारांना इंग्रजांकडून लक्षावधी रुपयांचे कर्ज घ्यावे लागले, हेही सांगितले पाहिजे. पालांत माल भरपूर आणि सरदारांच्या खजिन्यात पैसा नाही, अशी ती विचित्र संपन्नता होती.

बाजारबुणगे हा शब्द मराठीत आज शिवीसारखा वापरला जातो. लढवय्यांखेरीजचा लवाजमा म्हणजे बुणगे, आणि त्यांत वाणी, सराफ, लोहार, तेली, भटारी हे सारे आले. पानिपताच्या पराभवाची चर्चा करताना या लोंढ्यावर खापर फोडण्याची रीत आहे, आणि ती सर्वस्वी चुकीची नाही. पण मेलुकोट्यापाशी जगातल्या एका शिस्तबद्ध फौजेला उपासमारीतून बाहेर काढले ते याच बाजारबुणग्यांनी. शब्दाच्या अर्थात ही बाजू का उतरली नाही, याचे नवल वाटते. मराठी भाषेने तलवारीला जेवढे पर्याय दिले, तेवढा मान तराजूला दिला नाही.

कॉर्नवॉलिसने मात्र धडा घेतला. बंगळूर हे मुख्य ठाणे ठेवून त्याने आधी घाट मोकळे केले. कर्नाटकातून वर येणारी वाट मोकळी व्हावी म्हणून जुलैमध्ये होसूर घेतले. ऑक्टोबरात नंदीदुर्ग, डिसेंबरात सावनदुर्ग पडला. या वेढ्यांच्या शौर्यकथा आहेत, तरी त्यांचे कारण रस्ता हेच होते. शिवाय बंजाऱ्यांचे तांडे त्याने जवळ केले. किनाऱ्याचे मीठ वर न्यायचे आणि देशावरचे धान्य खाली आणायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. भाव आणि अभय मिळेल तिकडे त्यांचे बैल वळत. १७९२ च्या फेब्रुवारीत दोस्तांच्या फौजा पुन्हा श्रीरंगपट्टणासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची पोटे भरलेली होती, आणि मार्चमध्ये टिपूला निम्मे राज्य देऊन तह करावा लागला.

येथे बखरकार लेखणी खाली ठेवील. पण विल्क्सच्या त्या बाजारवर्णनात शाली आणि हिरे यांच्याबरोबर आणखी एक वस्तू आहे : कोण्या गरीब खेड्यातल्या लुटल्या गेलेल्या मुलीचे रुप्याचे कर्णभूषण. बाजारातला माल कोठून येत होता, याचे उत्तर त्यात आहे. परशुरामभाऊंची फौज १७९० मध्ये धारवाड प्रांतात उतरली आणि धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून १७९१ च्या एप्रिलपर्यंत तेथे अडकली. एवढ्या मोठ्या लष्कराची कही रोज आसपासच्या शेतांवरच जाणार. पाऊस आधीच दगा देत होता. १८८४ चे धारवाडचे गॅझेटियर सांगते की, या फौजेने जाताना मुलूख असा उद्ध्वस्त केला की म्हैसूरहून परतताना तीच फौज तेथे अन्नावाचून मरायच्या बेतास आली. मेलुकोट्यापाशी इंग्रजांना धान्य विकणारा बाजार त्याच फौजेबरोबर होता. कही पाठवावी असे शेत मात्र वाटेवर उरले नव्हते. दख्खनवर त्या वर्षांत जो दुष्काळ पडला त्याला लोकांनी कवट्यांचा दुष्काळ म्हटले, कारण मेलेल्यांना मूठमाती द्यायलाही माणसे राहिली नव्हती.