चांदोलीचे रान आणि त्यातली गावे

सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याहून वारणेच्या काठाने पश्चिमेला निघाले की उसाचे फड मागे पडतात आणि चांदोलीचे रान सुरू होते. गवा दिसेल, शेकरू दिसेल या आशेने आलेला पाहुणा तेव्हा शतकानुशतकांच्या वहिवाटीच्या मुलखात शिरलेला असतो.

कोकणातून घाटावर चढणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला या कड्यांवर किल्ले उभे राहिले. प्रचितगड त्यांतलाच. त्याच्या पायथ्याचे शृंगारपूर शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये सुर्व्यांकडून घेतले. उत्तरेला, साताऱ्याच्या कोयना खोऱ्यात वासोटा आहे. त्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी ताई तेलिणीने तो झुंजवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि गड घेतला.

मग धरणे आली. कोयनेचा शिवसागर आणि वारणेचा वसंतसागर भरले, खोऱ्यांतली गावे पाण्याखाली गेली. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान ठरले. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्यांचा समावेश झाला.

जंगल एकसारखे नाही. कड्यालगतच्या दऱ्यांत सदाहरित झाडी, माथ्यावर जांभ्याचे उघडे सडे, पावसाळ्यात त्यांच्यावर रानफुलांचे ताटवे. मधेच मोकळी कुरणे लागतात. त्यांतली कित्येक म्हणजे उठवलेल्या गावांची जुनी शेते. नांगर थांबला, गवत वाढले आणि गव्यांना चरायला रान मिळाले. झोळंबी आणि रुंदीव ही अशीच गावे. तिथल्या कुटुंबांना खाली वसवले गेले. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली या विस्थापितांनी जमिनीसाठी दीर्घ आंदोलने केली.

डिसेंबर २०२३ मध्ये व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, त्याचा आनंद साऱ्या महाराष्ट्राला झाला. त्या वाघाला लागणारी शांतता आणि भक्ष्य यांत इथून उठलेल्या माणसांच्या शिवाराचाही वाटा आहे. म्हणून चांदोलीच्या सफरीत वाटाड्याने गव्याचा कळप दाखवताना तो कोणत्या गावच्या शेतात उभा आहे, हेही पाहुण्यांना सांगायला हवे.