मकरान त्सुनामी-संभाव्यता

मकरान त्सुनामी-संभाव्यता : पाकिस्तान व इराण यांच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या मकरान भूकंपपट्ट्यातून किती मोठी त्सुनामी, सरासरी किती वर्षांनी उठू शकेल आणि ती ओमान, कच्छ, सौराष्ट्र, कोकण व गोवा येथील किनाऱ्यांवर किती उंचीने चढेल, याचा अंदाज. हे भाकीत नव्हे. लाट कोणत्या दिवशी येईल, हे या शास्त्राला सांगता येत नाही. अमुक उंचीची लाट पुढच्या पन्नास वर्षांत येण्याची शक्यता किती, एवढेच ते सांगते. आणि बंदराचा धक्का कुठे बांधावा किंवा शाळा किती उंचीवर असावी, हे ठरवायला तेवढे पुरते.

मकरान पट्टा सुमारे ९०० कि.मी. लांबीचा आहे. येथे अरबी भूपट्ट वर्षाला २ ते ४ सें.मी. वेगाने यूरेशियाई भूपट्टाखाली सरकतो. दोहोंमधील पृष्ठ अडकून बसले, की ताण साठत जातो. ४ सें.मी. वेगाने शंभर वर्षांत ४ मी. सरकणे बाकी राहते, आणि ते भूकंपात काही मिनिटांत भरून निघते. त्या वेळी समुद्रतळ वर उचलला जातो, त्यासोबत वरचे सगळे पाणी उचलले जाते आणि त्सुनामी निघते. तळ आडवा सरकला तर पाणी फारसे हलत नाही. म्हणून भूकंपाची नुसती महत्ता पुरेशी नसते. विभंग कोणत्या कोनात, किती खोलवर आणि किती लांबीपर्यंत तुटेल, हे मांडावे लागते.

पट्ट्याच्या पूर्व भागात २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे ८·१ महत्तेचा भूकंप झाला. बलुचिस्तानातील पसनी गाव उद्ध्वस्त झाले, किनाऱ्याजवळ चिखलाच्या ज्वालामुखींतून नवी बेटे वर आली आणि सुमारे पाच तासांनी लाटा मुंबईत पोचल्या. मुंबईत १५ माणसे वाहून गेल्याची नोंद आढळते. भारतीय हवामान खात्यातील सी. जी. पेंडसे यांनी या भूकंपाचे वर्णन लिहून ठेवले. कराची व मुंबई येथील भरतीमापकांचे आलेखही उरले आहेत. पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरील त्सुनामीचा हा सर्वांत भक्कम पुरावा होय. एकूण बळी ४,००० असा आकडा वर्षानुवर्षे छापला गेला; जुनी कागदपत्रे तपासल्यावर तो ३०० च्या आसपास असावा, असे दिसले. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, कारण संभाव्यतेची गणिते अशाच जुन्या याद्यांवर उभी असतात.

पट्ट्याचा पश्चिम, म्हणजे इराणकडील, अर्धा भाग ही खरी अडचण आहे. तेथे मोठ्या भूकंपाची निर्विवाद नोंद नाही. या शांततेचे दोन अर्थ होतात : भूपट्ट न अडकता सावकाश सरकत असतील, किंवा ते घट्ट अडकलेले असून ताण शतकानुशतके साठत असेल. तळावरील सुमारे ७ कि.मी. जाडीच्या गाळामुळे खालचा भाग उबदार राहतो आणि त्यामुळे पृष्ठाचा उथळ भागही तुटू शकतो. त्या तापमानाचे गणित मांडून काही संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की संपूर्ण पट्टा एकदम तुटल्यास महत्ता ८·७ ते ९·२ इतकी जाऊ शकते. शांततेवर विसंबण्याची किंमत जगाने दोनदा मोजली आहे. सुमात्रा-अंदमान पट्टा ९ महत्तेचा भूकंप घडवील, अशी अपेक्षा २६ डिसेंबर २००४ पूर्वी फारशी कोणी केली नव्हती. जपानमध्ये फुकुशिमा अणुकेंद्रासाठी २००२ साली ५·७ मी. उंचीची लाट गृहीत धरली होती. ११ मार्च २०११ रोजी तेथे पाणी सुमारे १४ मी. चढले. इ. स. ८६९ च्या जोगान त्सुनामीने सेंदाईच्या मैदानात आतपर्यंत पसरलेली वाळू मात्र भूवैज्ञानिकांना आधीच सापडलेली होती.

लेखी इतिहास तोकडा पडतो तेथे वाळूला विचारावे लागते. ओमानमधील सूर येथील खाजणात १९४५ च्या लाटांनी आणून टाकलेला शिंपल्यांचा थर ओळखला गेला आहे. आपल्याकडे हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातील केळशी गावी येऊन ठेपतो. दापोली तालुक्यातील या गावाच्या खाडीमुखाशी वाळूची उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास करून ती त्सुनामीशी जोडली. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामाचे जहाजी काफिले दाभोळजवळ असताना वारा नसतानाही समुद्र हादरू लागला. समुद्र आपल्याला भिऊन कापतो आहे, असे सांगून त्याने खलाशांना धीर दिला, अशी हकीकत पोर्तुगीज इतिहासकारांनी लिहिली आहे. पुढे भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळशीतील वाळूच्या थराचे वय, ही हकीकत आणि संगणकी प्रतिकृती एकत्र मांडून मकरानच्या फार मोठ्या भूकंपाकडे बोट दाखवले. शंका उरतेच : वादळी उधाणही वाळू आत फेकते आणि वारा तिचे ढीग रचतो. प्रस्तुत लेखकाच्या मते निकाल एका टेकडीवर लागणार नाही. दाभोळ, बाणकोट, जयगड अशा खाड्यांच्या काठच्या चिखलात त्याच काळाचा थर मिळतो का, हे खोदून पाहिले पाहिजे.

या शोधावर आकडे किती अवलंबून आहेत, ते पाहा. संपूर्ण पट्टा सरासरी १,००० वर्षांनी तुटतो असे धरले, तर पुढील ५० वर्षांतील शक्यता सुमारे ५ टक्के येते. ५०० वर्षांनी धरले, तर साडेनऊ टक्के. एका थराचे वय आणि उगम पटला, की संभाव्यता दुपटीने बदलते. म्हणून आता एकच ‘सर्वांत वाईट’ भूकंप न घेता हजारो कल्पित भूकंप संगणकात घडवतात, प्रत्येकाला त्याच्या विश्वासार्हतेनुसार वजन देतात आणि उत्तरासोबत अनिश्चिततेचा पट्टाही देतात. घरांसाठी काही शतकांचा आवर्तनकाळ चालतो. तारापूरसारख्या किनारी अणुकेंद्रासाठी हजारो वर्षांचा विचार करावा लागतो.

लाट किनाऱ्याला लागताना स्थानिक भूगोल निर्णायक ठरतो. ४,००० मी. खोल पाण्यात तिचा वेग ताशी सुमारे ७०० कि.मी. असतो, १०० मी. खोलीवर तो ११० च्या आसपास येतो. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे ३०० कि.मी. रुंद आहे, ती लाटेला थोपवते आणि माणसांना वेळ देते. भरतीची वेळही मोजावी लागते. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीतील फरक ५ मी. पर्यंत जातो, दोन मीटरची लाट ओहोटीला आली तर पुळणीवरच विरेल, उधाणाच्या भरतीवर आली तर कोळीवाड्यात शिरेल.

हीच उथळ जमीन लाटांना अडकवूनही ठेवते. त्या किनाऱ्याला समांतर पुढे-मागे फिरत राहतात आणि पहिलीपेक्षा नंतरची लाट मोठी ठरू शकते. १९४५ मध्ये पसनीला विध्वंसक लाट भूकंपानंतर तासाहून अधिक काळ उलटल्यावर आली. मुंबईच्या आलेखातही चढउतार बराच काळ चालू राहिलेले दिसतात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत २००७ पासून चालणारे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र आधीच सोडवून ठेवलेल्या प्रतिकृतींच्या साठ्यावरून काही मिनिटांत इशारा देते. पहिली लाट ओसरली म्हणून होड्यांकडे परतायचे नाही, हे कोकणातील प्रत्येक बंदरावर त्या इशाऱ्यासोबतच सांगितले गेले पाहिजे.