पंतोजी, डेप्युटी आणि मॅट्रिक

महाराष्ट्रातील शिक्षकी पेशाचा इतिहास बहुधा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि शाळांची संख्या यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु शिक्षकाने आपल्या कामाचा हिशेब कोणाला द्यायचा हा प्रश्न त्यात बाजूला पडतो. वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाते, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्याच उत्तरावर ठरत आले आहे.

पेशवाईच्या अखेरीस आणि कंपनी सरकारच्या आरंभीच्या काळात गावोगावी चालत ती पंतोजींची शाळा. तिला स्वतंत्र इमारत नसे. कोणाची ओसरी, वाड्याची पडवी किंवा देवळाचा सभामंडप तिला पुरत असे. मूल प्रथम धुळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरलेल्या लाकडी फळीवर, काडीने अक्षरे गिरवी, आणि हात बसल्यावर बोरू व शाई घेऊन कागदावर मोडीचे वळण घोटी. गणिताचा सारा भार उजळणीवर, म्हणजे सामुदायिक घोकंपट्टीवर असे. तीत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन पटींचे पाढेही येत. आजच्या वाचकाला हा निव्वळ स्मरणशक्तीचा छळ वाटेल, पण रुपया सोळा आण्यांचा आणि मण चाळीस शेरांचा होता तेव्हा बाजारातला प्रत्येक व्यवहार अशा अपूर्णांकांतूनच होई. पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवीत, त्यामुळे एकटा पंतोजी निरनिराळ्या वयांची मुले एकाच वेळी सांभाळू शके. त्याची प्राप्ती म्हणजे घरटी थोडे पैसे, शिधा आणि सणावारी मिळणारे काही. आणि मुलाला हिशेब जमतो का, मोडी पत्र वाचता येते का, हे पालक घरीच पाहू शकत असल्याने त्याच्या कामाचे मोल गावच ठरवीत असे.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्या मर्यादा झाकणे न्याय्य ठरणार नाही. ज्याला ‘गाव’ म्हटले त्यात अस्पृश्य मानलेल्या जाती धरलेल्या नव्हत्या, मुली जवळजवळ नव्हत्याच, आणि छडी व अंगठे धरून उभे राहणे ही शिक्षा नित्याची होती. तरीही तिचा विस्तार लहान नव्हता. मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सदस्य प्रेंडरगास्ट यांनी 1821 मध्ये असे नोंदवले की, शाळा नसलेले गाव या प्रदेशात क्वचितच आढळते. आणि 1829 पर्यंत गोळा झालेल्या सरकारी माहितीत मुंबई इलाख्यातील शाळा सुमारे 1,700 आणि विद्यार्थी सुमारे 35,000 भरले. प्रेंडरगास्ट यांचा उत्साह आणि हे आकडे एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने उभ्या राहिलेल्या शाळापुस्तक मंडळीने, पुढच्या बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने, मराठी पुस्तके छापली आणि 1826 मध्ये मुंबईत तयार केलेले शिक्षक जिल्ह्यांत पाठवले. खरा बदल मात्र 1854 च्या वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर, 1855 मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते निघाल्यावर झाला. आता वर्षातून एकदा डेप्युटी, म्हणजे खात्याचा तपासनीस, शाळेत येऊन मुलांची परीक्षा घेऊ लागला आणि पंतोजीचा मास्तर झाला. इंग्लंडमध्ये 1862 पासून शाळेचे अनुदान हजेरीशी आणि वाचन, लेखन व गणिताच्या परीक्षेतील निकालाशी बांधले गेले होते. निकालानुसार पैसे देण्याची ही पद्धत त्याच दशकात मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांच्या अनुदानातही आली.

या पद्धतीवरील सर्वांत मर्मग्राही टीका महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात सापडते. ज्या गरीब समाजात विद्येची गोडी अद्याप निर्माणच झालेली नाही, तेथे निकालावर पोट अवलंबून असलेला कोणता शिक्षक स्वतःहून शाळा काढील, असा त्यांचा रोख होता. 1848 पासून पुण्यात मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळा उभारलेल्या माणसाचा हा अनुभव होता. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला महिना 12 रुपयांहून कमी पगार नसावा आणि मुलांना मोडी व बालबोध या दोन्ही लिप्यांबरोबर हिशेब, शेतीची मूलतत्त्वे व आरोग्याचे नियम शिकवावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षकाला मिळणारा मोबदला आणि मुलाचे दारिद्र्य यांचा एकत्र विचार करणारे इतके स्पष्ट विवेचन त्या काळात क्वचितच आढळते.

दरम्यान मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, म्हणजे प्रवेश परीक्षा, 1859 मध्ये सुरू झाली होती आणि रानडे व भांडारकर तिच्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. या परीक्षेचा परीक्षक शाळेत कधीच येत नसे. तो केवळ उत्तरपत्रिका पाही. साहजिकच तिच्या वाटेवरच्या इयत्तांचे लक्ष प्रश्नपत्रिकेकडे वळले, आणि पुस्तकातील उत्तरे तयार देणारी मार्गदर्शके, घरच्या शिकवण्या व पुढे खास परीक्षेसाठी चालणारे वर्ग यांना जागा झाली. पुण्यात 1880 मध्ये चिपळूणकर, टिळक आदींनी राष्ट्रीय वृत्तीने काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूललाही या परीक्षेपासून अलिप्त राहता आले नाही. मॅट्रिकच्या संस्कृतात सर्वोच्च गुण मिळवणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हे त्या काळी कोणत्याही शाळेच्या लौकिकाचे प्रमाण मानले जाई. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस. एस. सी. परीक्षेने घेतली, तरी दूरच्या अनोळखी परीक्षकासाठी शिकवण्याची रीत तशीच पुढे चालू राहिली.

या रीतीपासून मुद्दाम दूर उभा राहिलेला एक प्रयत्न ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा आहे. 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले आणि पुढे कोसबाडला गेलेले त्यांचे काम आदिवासी मुलांमध्ये होते, आणि गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून तेथे कुरणशाळा, म्हणजे गुरे चरतात त्या माळावरच भरणारी शाळा, सुरू करण्यात आली. मुले गैरहजर राहिली तर दोष मुलांना न देता शाळेची वेळ आणि जागा बदलणे, हे या शाळेने शिक्षकाचे कर्तव्य मानले.